उसन्या नाकाने भरलेले पाच डबे

दूध लागल्याचं ताईंना त्यांच्या यजमानांनी सांगितलं, आणि तेही बाहेरच्या खोलीतून.

"अगं, दूध लागलंय वाटतं," ते वर्तमानपत्राआडून म्हणाले.

ताई शेगडीपाशीच उभ्या होत्या, पातेल्यापासून हातभर अंतरावर. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघत होत्या. हिवाळ्याचं पातळ ऊन चादरींतून आरपार येत होतं आणि वारा आला की सगळी गच्ची हळूच तरंगल्यासारखी वाटत होती. त्यांनी गॅस बंद केला, तळाशी चमचा फिरवला. तपकिरी पापुद्रे वर आले.

यजमान दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. चाळीस वर्षांच्या संसारात या घरात दूध लागलं नव्हतं.

"वास जाऊन किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"तापापासून. दोन महिने होतील."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, येईल परत कदाचित. कधी ते त्यांनाही ठाऊक नाही."

यजमानांनी मान हलवली. मग पातेलं उचललं, मोरीत नेलं आणि घासायला बसले. हे काम त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, त्यामुळे ते फार वेळ पुरलं.

ताईंचं नाक ही साधी गोष्ट नव्हती. मोठ्या लायब्ररीच्या बांधणीखात्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. सुटलेली पानं शिवायची, पुठ्ठा कापायचा, खळ लावायची, दाबात ठेवायचं. पण ग्रंथपाल त्यांच्या टेबलाशी यायचे ते वेगळ्याच कामासाठी. एखादं पुस्तक पुढे करायचे आणि म्हणायचे, "ताई, जरा बघता का?" ताई बघायच्या नाहीत. पुस्तक मधोमध उघडायच्या, नाकाशी न्यायच्या आणि सांगायच्या, "तळमजला. खिडकीकडचं कपाट. मागच्या भिंतीत पाणी मुरतंय." प्लंबर बोलावला की पाणी तिथेच सापडायचं. ग्रंथपालांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. घरी तर त्या पहिल्यापासूनच ताई होत्या, कारण आई लवकर गेली आणि पाठच्या दोघांना त्यांनीच वाढवलं.

डब्यांची सुरुवात बांधणीखात्यातूनच झाली. कापून उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फेकवेनात, म्हणून एका वर्षअखेरीला ताईंनी त्यांचे डबे केले. बाहेरून रंगीत कागद, आत पांढरा, मधे सहा कप्पे. रिकामे डबे काय द्यायचे, म्हणून त्यात घरी भाजलेलं गोडधोड भरलं. त्याला एकतीस वर्षं झाली. आता डबे पाच असत. एक धाकट्या बहिणीचा, एक भावाचा, एक मावसबहिणीचा, एक नणंदेचा आणि पाचवा परगावी नोकरी करणाऱ्या भाचीचा. संत्र्याची बिस्किटं, सुंठेची बिस्किटं, बदामाच्या चंद्रकोरी, कॉफीचे गोळे, खजूर-अक्रोडाचे काप आणि सहाव्या कप्प्यात चॉकलेटच्या चौकोनी वड्या. सुट्ट्या लागायच्या आधीच्या रविवारी धाकटी गाडी घेऊन यायची आणि चार घरचे डबे पोचवायची. भाचीचा पोस्टाने जायचा.

ताईंच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला की त्या ओव्हनकडे पाठ करून स्टुलावर बसत आणि काहीतरी शिवत. शिवता शिवता मधेच उठत, दार उघडत आणि ट्रे बाहेर काढत. कधी एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मसाल्यांच्या बाटल्यांवरही नावं नव्हती. "बाटली उघडली की ती स्वतःच सांगते," असं त्या म्हणायच्या.

आता बाटल्या काही सांगत नव्हत्या.

फक्त दुपारी, जेवणानंतर अर्धा तास डोळा लागला की सगळं परत यायचं. स्वप्नात त्यांना माणसं दिसत नसत, जागाही दिसत नसत. नुसते वास यायचे, एकामागून एक, आपापल्या घाईत असल्यासारखे. ओली खळ. शाईचा ठोकळा. लहानपणी धाकटीच्या केसांना असायचा तो साबणाचा वास. लोणी वितळताना आधी येणारा आणि नंतर येणारा, असे दोन वेगवेगळे वास. ताई स्वप्नात हात न हलवता पडून राहत, कारण हललं की ते उडून जातील असं त्यांना वाटे. जाग आली की खोली धुतलेल्या पाटीसारखी कोरी असे.

त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, या वर्षी डबे राहू देत हं. आजारातून उठलीयेस. मी बेकरीतून पाच डबे आणते, वर छान फीत बांधून देतात. कुणाला काही वाटणार नाही."

"डबे होतील."

"अगं पण..."

"रविवारी ये. दुपारी."

फोन ठेवला आणि ताई खुर्चीत बसून राहिल्या. धाकटी खरं तेच बोलली होती. कुणाला काही वाटणार नव्हतं. एकदा बेकरीचा डबा गेला की तो दर वर्षी जाईल, फीत बांधून. सगळे म्हणतील, बरं झालं, ताईंचा त्रास वाचला. आणि पाच घरांत ताईंचं जे काही होतं ते इतक्या सहज मिटून जाईल की त्याचा आवाजही होणार नाही. हेच त्यांना सोसणारं नव्हतं.

"अहो," त्यांनी हाक मारली. "तुमचं नाक कसं आहे?"

यजमान जमीन मोजणीच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. शेजारीपाजारी त्यांना मोजणीकारच म्हणत. धाकटी पाठीमागे फूटपट्टी म्हणायची आणि कधीकधी पुढ्यातही. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, चष्मा काढला, नाकाला हात लावून पाहिला.

"आहे," ते म्हणाले. "पण त्याने आजवर काही विशेष केलेलं नाही."

सुरुवात बाटल्यांपासून झाली. ताईंनी तपकिरी पूड भरलेल्या पाच बाटल्या ओळीने मांडल्या. मोजणीकारांनी पहिलीचं झाकण काढलं.

"कसा येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे कसा?"

"म्हणजे... वाईट नाही."

"अहो, तुम्ही जमिनीच्या नकाशावर 'चांगली जमीन' असं लिहायचात का?"

मोजणीकार जरा ताठ बसले. बाटली पुन्हा नाकाशी नेली, डोळे मिटले. "दातांच्या डॉक्टरकडची खुर्ची," ते म्हणाले.

"लवंग," ताई म्हणाल्या आणि चिठ्ठी चिकटवली.

दुसरी बाटली म्हणजे सर्दीत बाबांनी कपाळाला लावलेला लेप. ती सुंठ. तिसरीला ते बराच वेळ हुंगत राहिले. "नवीन कपाट. पण गोड. कुणीतरी कपाटात साखर सांडलीय." ती दालचिनी. चौथ्या बाटलीला ते शिंकले आणि नाक पुसत म्हणाले, "ही तर मिरी आहे, हिला कशाला उपमा?" ताई इतक्या हसल्या की चिठ्ठी वाकडी चिकटली. पाचवी जायफळ निघाली. तिला त्यांनी "दुपारी बंद असलेलं दुकान" म्हटलं, आणि का ते त्यांनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंठेच्या बिस्किटांचा पहिला ट्रे आत गेला. मोजणीकार ओव्हनसमोर स्टुलावर. ताई मागे उभ्या, हात पदरात गुंडाळून.

"आता?"

"छान येतोय."

थोड्या वेळाने, "आता?"

"झकास. अगदी दर वर्षीसारखा."

ताईंना बरं वाटलं. त्यांनी थोडं आणखी थांबून ट्रे काढला. दुसरा ट्रेही तसाच झाला, झकास, दर वर्षीसारखा. मग बदामाच्या चंद्रकोरी. त्यासुद्धा झकास. तेव्हा कुठे ताईंच्या मनात शंका आली. इतका मोजून-मापून बोलणारा माणूस तीन ट्रेंना एकच शब्द वापरतोय. त्यांनी सुंठेचं एक बिस्किट मोडलं आणि जिभेवर ठेवलं. वास गेला तरी जीभ आपलं काम करत होती. गोड लागलं, तिखट लागलं आणि मग कडू. अगदी स्पष्ट कडू.

"करपलंय," त्या म्हणाल्या.

मोजणीकारांनी चष्मा पुसायला घेतला.

"तुम्हाला कळलं होतं ना?"

"थोडं कळलं होतं."

"मग?"

"तू अशी बघत होतीस माझ्याकडे," ते म्हणाले. "म्हणवेना."

ताईंनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. बांधणीखात्यात एखादं पान उलटं शिवलं गेलं की त्या ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात बोलल्या.

"मोजणीला गेलात आणि मालकाचं तोंड उतरलेलं दिसलं, तर हद्दीचा दगड सरकवायचात का तुम्ही?"

"कधीच नाही."

"मग मला का सरकवून देताय? मला कौतुक नको आहे. कौतुक बेकरीवालाही करेल. मला वास हवा आहे. आहे तसा."

मोजणीकार उठून बाहेर गेले. ताईंना वाटलं, दुखावले. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात भिंतीवरचं घड्याळ होतं, दुसऱ्या हातात जुनी वही आणि कानावर पेन्सिल. घड्याळ त्यांनी बरणीला टेकवून ओट्यावर ठेवलं. वहीत उभ्या रेघा मारल्या.

"घाल ट्रे," ते म्हणाले.

त्यानंतरचे चार दिवस ताईंना पुढे आठवले ते अर्धवट झोपेत घडल्यासारखे. खिडकीच्या काचेवर वाफ धरायची. ओव्हनचा पिवळा उजेड मोजणीकारांच्या चष्म्यात दोनदा दिसायचा. ते नाक पुढे काढून बसायचे आणि मिनिटामिनिटाला हळू आवाजात सांगत जायचे, जणू दूरवरच्या प्रदेशातून कुणी खबर पाठवतोय.

"सहावं मिनिट. ओला कागद."

"हं."

"आठवं. ओला कागद वाळतोय. कुठेतरी संत्रं सोललंय, पण शेजारच्या खोलीत."

"मग?"

"नववं. संत्रं या खोलीत आलं. दहावं... थांब." त्यांनी डोळे मिटले. "अकरावं. लग्नाच्या हॉलचा जिना. आपण वर जातोय, जेवण वर आहे."

"काढा," ताई म्हणाल्या.

त्या जिन्यावर त्या स्वतः उभ्या होत्या. वास येत नव्हता, पण जिना दिसत होता, गुळगुळीत कठडा, वरून येणारा भांड्यांचा आवाज, पायाखाली कुणाचं तरी पडलेलं फूल. एवढी वर्षं ज्या माणसाला "भाजी कशी झालीय" विचारलं की "झालीय" असं उत्तर मिळायचं, त्याच्या डोक्यात इतके जिने आणि दुकानं आहेत हे ताईंना ठाऊकच नव्हतं. कॉफीचे गोळे म्हणजे त्यांना पहिल्या नोकरीतली पावसात भिजलेली कंतानी पिशवी वाटली. चंद्रकोरी पुन्हा केल्या. त्या भाजल्या गेल्या तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "हे मला लिहिता येत नाही." ताईंनी विचारलं नाही. ट्रे काढला.

दुपारी ताई डबे करत. पुठ्ठा कापताना सुरीचा आवाज, हाडाच्या पट्टीने घडी दाबताना येणारा बारीक आवाज. हे मात्र सगळं हातांचं होतं, तिथे नाकाची गरज नव्हती. पाच डबे वाळायला खिडकीत ठेवले तेव्हा ऊन त्यांच्या कप्प्यांत शिरून बसलं.

रविवारी धाकटी आली. आल्या आल्या चप्पल काढायच्याही आधी तिने वरच्या डब्याचं झाकण उचललं, संत्र्याचं एक बिस्किट तोंडात टाकलं आणि उभ्या उभ्या चावत राहिली. दर वर्षी ती असंच करायची आणि भरल्या तोंडाने काहीतरी वेडंवाकडं कौतुक करायची. या वर्षी तिने दुसरं उचललं.

"ताई, काहीतरी वेगळं लागतंय गं."

"वाईट?" ताईंनी विचारलं.

"वाईट नाही. जरा जास्त भाजल्यासारखं. तू नाही कधी इतकं भाजत."

"ओव्हनचं तापमान जरा..." मोजणीकारांनी सुरुवात केली.

"ओव्हन ठीक आहे," ताई म्हणाल्या. "माझं नाक गेलंय."

धाकटीचं चावणं थांबलं. ती एकदा ताईंकडे आणि एकदा मोजणीकारांकडे बघत राहिली. ताईंनी ताप, डॉक्टर, लागलेलं दूध, सगळं सांगितलं, चार वाक्यांत.

"दोन महिने?" धाकटी म्हणाली. "आणि परवा माझ्या नव्या अत्तराला 'मोगरा आहे का' म्हणालीस, ते?"

"बाटलीवर फूल होतं."

"तो मोगरा नव्हता ताई. गुलाब होता. मला वाटलं, तुझं वय झालं."

"तेही झालंय."

धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. कोणतं आधी पुसावं तिला कळेना. ती तशीच खुर्चीत बसली. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बेकरीत गेली असतीस."

धाकटीने डोळे पुसले. मग म्हणाली, "गेले असते." खोटं बोलणं तिला ताईंसमोर कधी जमलंच नव्हतं. "पण मग हे केलंस कसं?"

ताईंनी मोजणीकारांकडे पाहिलं. ते नाइलाजाने उठले आणि वही घेऊन आले. धाकटीने पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला लागली. "खजुराचे काप, चौदावं मिनिट: थिएटरातली मखमली खुर्ची, मध्यंतरानंतर. भावोजी, हे तुम्ही लिहिलंत?"

"मोजणी आहे ती," मोजणीकार म्हणाले. "हसायचं असेल तर वही परत करा, मेहुणीबाई."

"हसत नाहीये हो. फूटपट्टीला पालवी फुटलीय, ती बघतेय."

ताईंनी उघडा डबा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "तू सांग. वरून वास घे आणि सांग. छान म्हणायचं नाही."

"ताई, मला असलं काही येत नाही."

"यांनाही येत नव्हतं."

धाकटीने केस कानामागे सारले आणि डब्यावर वाकली. तिने एकदा खोल श्वास घेतला, मग आणखी एकदा.

"परीक्षा संपल्याचा," ती शेवटी डब्यातच तोंड ठेवून म्हणाली. "पेपर देऊन आपण तिघं घरी आलोय. दार उघडं आहे. तू चटई टाकलीयेस आणि म्हणतेयस, आता हवं तेवढं झोपा. चटईचा वास आहे... आणि खिडकीतल्या उन्हाचा. उन्हाला वास असतो का गं?"

"असतो," ताई म्हणाल्या.

ती चटई त्यांना दिसली. तिची एक कड उसवलेली होती. त्यावर दोन मुलं आडवी पडली होती, एकाचे पाय दुसरीच्या अंगावर, आणि त्या स्वतः बारा-तेरा वर्षांच्या, दारात उभ्या, या दोघांना जागं करू नका असं सगळ्या जगाला बजावत. वास त्यांच्यापर्यंत आला नाही. पण वासाच्या मागे जे असतं ते आलं.

धाकटी निघायला उठली तेव्हा ताई म्हणाल्या, "दहा मिनिटं थांब." त्यांनी पांढऱ्या कागदाच्या पाच चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: "मला वास येत नाही. डबा उघडल्यावर कसा येतो ते फोन करून सांगावं. कौतुक करू नये." खळ लावून चिठ्ठ्या झाकणांच्या आतल्या बाजूला चिकटवल्या, हाडाच्या पट्टीने बुडबुडे काढले. आता ते लपवता येणार नव्हतं. पाचही घरांत झाकण उघडलं की आधी ताईंचं न्यून दिसणार होतं आणि मग बिस्किटं.

"सगळ्यांना कळेल," मोजणीकार हळूच म्हणाले.

"कळू दे," ताई म्हणाल्या. "नाहीतर विचारू कशी?"

सुट्ट्या लागल्या आणि फोन येऊ लागले. मावसबहीण आधी दहा मिनिटं रडली आणि मग म्हणाली, सुंठेची बिस्किटं म्हणजे शाळेच्या सहलीची बस आहे, मागची सीट. नणंदेने हट्टाने कौतुकच केलं, तेव्हा ताईंनी तिला दटावलं. मग तिने कबूल केलं की चॉकलेटच्या वड्यांना आपल्या सासूबाईंच्या पाकिटाचा वास येतो, आतल्या कप्प्याचा, आणि हे ऐकून मोजणीकार उठून बाहेर गेले, कारण ती त्यांच्या बहिणीची सासू होती आणि तिच्याबद्दल हसायचं नसतं. भाचीचा डबा पोस्टात दोन दिवस जास्त राहिला. तिने सांगितलं, "आत्या, परक्या गावात मी दार उघडलं आणि आत कुणीतरी दिवा लावून ठेवला होता, असा येतो."

भावाचा फोन शेवटी आला. तो वाहनांच्या कारखान्यात रंग द्यायच्या खात्यात होता आणि जन्मभर कमी बोलला होता. त्याच्या बायकोने फोन लावून दिला असावा, कारण सुरुवातीला मागून तिचाच आवाज आला, "बोला, बोला ना."

"ताई," तो म्हणाला.

"हं."

"डबा आला."

"चिठ्ठी वाचलीस?"

"वाचली." त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. "ताई, मला ते... शब्द नाही जमत."

"नाही जमले तरी चालेल. मी आहे इथे. घाई नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. "थांब जरा," तो म्हणाला. मग पुठ्ठ्याचा आवाज आला, झाकण निघाल्याचा, मग आतल्या कागदाची चुरचुर अगदी कानापाशी. ताईंना क्षणभर कळेना तो काय करतोय. मग कळलं. त्याने फोन डब्यात धरला होता.

मागून बायको म्हणाली, "अहो, असं कुठे..." आणि तो तिला म्हणाला, "तू गप्प बस जरा."

ताई फोन कानाला घट्ट धरून बसून राहिल्या. चुरचुर थांबली होती. आता पलीकडे काहीच नव्हतं, नुसती डब्यातली पोकळी, आणि तिच्या तळाशी कुठेतरी थांबून राहिलेला भाऊ. दारात मोजणीकार येऊन उभे होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतोय? ताईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"अजून थोडा आत धर," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "चंद्रकोरींकडे."